रविवारचा फोन

(दहावी १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन करून विषय दिला, 'परदेशात शिकताना घराशी संपर्क आणि तंत्रज्ञान'. विषय ऐकला आणि मला एकदम निबंधाची वही आठवली. मुद्दे आधी लिहा, समास सोडा. मी नाही म्हणणार होते. पण त्यांनी कारण सांगितलं. आपल्या बॅचमधल्या सहा-सात जणांची मुलं या वर्षी किंवा पुढच्या वर्षी बाहेर शिकायला चालली आहेत. कुणी जर्मनीला, कुणी अमेरिकेला, एक जण आयर्लंडला. ग्रुपवर रात्री बारा-बारापर्यंत चर्चा चालते. ॲप कोणतं घ्यायचं, सिम इथूनच न्यायचं का, रोज व्हिडिओ कॉल करायचा असं आधीच ठरवून घ्यायचं का. 'तू आमच्याआधी जाऊन आलीस, आणि तुझं कामही त्यातलंच, मग तूच सांग,' असा हुकूम झाला.

ॲपचं मी लगेच सांगून टाकते. कुठलंही चालतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जे येतं तेच घ्या, त्यांना नवं शिकवत बसू नका. माझा विषय संपला. आता मला दिलेल्या उरलेल्या वेळात मी एका रेडिओबद्दल बोलणार आहे.

वालचंदमधून इंजिनिअर झाले, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि ऑगस्ट २००३ मध्ये एमएस करायला मिनिआपोलिसला गेले. भूगोलाचे सर समोर बसले आहेत म्हणून हे सांगते. सर, तुम्ही आम्हाला रेखावृत्तांवरून वेळ काढायला शिकवलं होतं. एका अंशाला चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्वेची, मिनिआपोलिसची ९० अंश पश्चिमेची. बेरीज १७२.५, गुणिले ४, म्हणजे ६९० मिनिटं, साडेअकरा तास. मी हे गणित खरोखर कागदावर मांडलं आणि शनिवारी रात्री आठ वाजता घरी फोन लावला. घरी रविवारचे साडेसात झाले असतील, चहा झाला असेल, असा हिशेब. फोन आईनं उचलला आणि हॅलो न म्हणता म्हणाली, "काय झालं?" कारण घरी साडेसहाच वाजले होते. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, हे माझ्या गणितात नव्हतं. गणित बरोबर होतं, सर. उत्तर चुकलं.

मग तीच वेळ पक्की झाली. माझी शनिवारची रात्र, घरची रविवारची सकाळ. ऑक्टोबरअखेरीस तिकडची घड्याळं मागे आली आणि फोन साडेसातला यायला लागला, तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी तक्रार केली, "आज एक तास उशीर."

त्या काळात फोन म्हणजे कॉलिंग कार्ड. भारतीय वाणसामानाच्या दुकानात गल्ल्याशेजारी टांगलेली असायची, पाच डॉलरचं, दहा डॉलरचं. नाण्यानं खरवडायचं. आधी एक फुकटचा नंबर फिरवायचा, मग लांबलचक पिन, मग ०११, मग ९१, मग आपला २३३, मग घरचा नंबर. एक आकडा चुकला की पहिल्यापासून. लागला की एक बाई इंग्रजीत सांगायची, तुमच्याकडे अमुक मिनिटं शिल्लक आहेत. त्या बाईचं मिनिट आणि आपलं मिनिट वेगळं असतं हे मला दुसऱ्या कार्डाला कळलं. कार्ड अर्धं वापरून ठेवलं तर उरलेले पैसे आपोआप आटत जायचे, म्हणून एकदा लावलं की संपवायचंच.

आणि आवाज पोचायला वेळ लागायचा. आई आणि मी एकदम बोलायचो, एकदम थांबायचो. "तू बोल." "नाही, तूच बोल." परत दोघी एकदम. एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की बोलण्याची लय बिघडू लागते, टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय मानकात तो आकडाच दिलेला आहे. हे मी नंतर शिकले. तेव्हा वाटायचं की आपण आईला नीट बोलू देत नाही.

बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, तुमच्यातल्या काहींना आठवत असतील. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब लिहिलेला माणूस. फोन हातात आला की त्यांना माझ्या कार्डाचे पैसे पळताना दिसायचे. "बरी आहेस ना? अभ्यास चाललाय ना? मग झालं तर. आईला देतो." चाळीस सेकंद. मला राग यायचा, सात समुद्रांपलीकडून आलेल्या पोरीशी बोलायला यांच्याकडे एवढंच आहे का?

पण आई बोलत असताना मागे त्यांचा रेडिओ चालू असायचा. आकाशवाणी सांगली. स्वस्त कार्डांवरचा आवाज फार दाबून पाठवलेला असतो, आणि दाबण्याची ती पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असते. त्यामुळे गाणं लागलं की ते पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं. कोणतं गाणं ते ओळखायची सोय नाही. पण मला कळायचं की रेडिओ खिडकीतल्या फळीवर आहे, त्याच्याशेजारी आरसा टेकवून बाबा दाढी करताहेत, आणि मधेच त्यांनी आवाज थोडा कमी केला आहे, म्हणजे आईचं बोलणं तेही ऐकताहेत.

दुसरा मार्ग ईमेलचा. तो माझ्या धाकट्या भावाच्या ताब्यात. मराठी टाइप करायची सोय त्याच्या सायबर कॅफेत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. त्यात 'त' आणि 'ट' एकच, 'द' आणि 'ड' एकच, काना आहे की नाही ते देवाला माहीत. एकदा त्यानं कळवलं की शेजारच्या काकांचा वडा पडला. मी दोनदा वाचलं. वडा पडला हे कळवायला माणूस तासाला वीस रुपये खर्च करेल का? मग उजेड पडला, वडा नाही, वाडा. तरी पुढचा घोळ राहिलाच, वाडा पडला की पाडला? आपोआप पडला असेल तर कुणाला लागलं का, पाडला असेल तर बिल्डरला दिला का. हे सगळं विचारायला मला शनिवारपर्यंत थांबावं लागलं. (पाडला होता. तिथे आता तीन मजली इमारत आहे.)

त्याच वर्षी दिवाळीत भावानं आईबाबांना कॅफेत नेऊन वेबकॅमसमोर बसवलं. आई काठापदराची साडी नेसून, पावडर लावून आली होती. फळ्यांच्या त्या खोपट्यात दोघं एका बाकावर. चित्र इतकं तुटक यायचं की बाबांचे डोळे अर्धवट मिटलेले असताना ते जे थांबलं ते चार मिनिटं तसंच. आई माइकमध्ये तोंड घालून ओरडत होती, कारण अमेरिका लांब आहे. सगळं कॅफे आमच्या घरच्या चकल्या बिघडल्याचं ऐकत होतं. मी रडायच्या बेतात होते आणि मला दिसत होतं की आईही आहे, पण शेजारच्या खोपट्यात एक पोरगा बंदुकीचा गेम खेळत होता, त्याच्यासमोर कसं रडणार? घरी गेल्यावर तिनं भावाला सांगितलं, "पुन्हा नको. फोनच बरा." आम्ही दोघी त्या दिवशी खूप वेळ एकमेकींना बघितलं आणि काहीच बोललो नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते सांगते. ३० नोव्हेंबरचा रविवार. आई म्हणाली, बाबा फिरायला गेलेत. ठीक आहे, जातात कधीतरी. पुढचा रविवार, ७ डिसेंबर. आई म्हणाली, बाबा देवळात गेलेत. बाबा आणि रविवारी सकाळी देवळात? तरी मी ते सोडून दिलं असतं. माझी परीक्षा आठवड्यावर होती आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं. आई परीक्षेचंच विचारत होती, जेवतेस का, झोपतेस का, आवाज अगदी नेहमीचा. आणि मला काहीतरी खुपत होतं, ते काय हे कळत नव्हतं. फार स्पष्ट ऐकू येत होतं. आईचा प्रत्येक शब्द स्वच्छ. मग लक्षात आलं.

"आई, रेडिओ का बंद आहे?"

"बिघडलाय."

"गेल्या रविवारीही नव्हता."

आई गप्प. कार्डाची मिनिटं चालली होती. मग ती म्हणाली, "रेडिओ मिरजेला नेलाय."

सांगलीच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. रेडिओ दुरुस्तीला कुणी मिरजेला नेत नाही. मिरजेला माणसं नेतात. बाबांना झटका आला होता, बायपास झाली होती, आणि दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती रेडिओ. माझी परीक्षा होईपर्यंत मला सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. काका, मामा, शेजारी, सगळ्यांना ताकीद. वीस-पंचवीस माणसांनी तोंड बंद ठेवलं होतं. रेडिओचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

भावाकडे मोबाइल होता, रिलायन्सच्या त्या पाचशे एक रुपयांच्या योजनेतला. मी दुसरं कार्ड खरवडून त्यावर फोन लावला. बाबा म्हणाले, "बरं आहे आता. इथं स्टेशन नीट लागत नाही. तू परीक्षा दे." एकूण वीस सेकंद. एरवीपेक्षा निम्मेच. मग मी आईला परत फोन केला आणि भांडले. पुन्हा माझ्यापासून काहीही लपवायचं नाही, माझी शपथ, वगैरे. तिनं ऐकून घेतलं.

आणि पुढच्या महिन्यात मी काय केलं? जानेवारीत बर्फावरून घसरून पडले, डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. एका हातानं टायपिंग, एका हातानं भांडी. खोलीतल्या मैत्रिणी वेणी घालून द्यायच्या. आणि शनिवारी रात्री आठ वाजता उजव्या हातात फोन धरून मी सांगत होते, "मजेत आहे." बाबांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांना कशाला. अगदी तेच कारण, जे त्यांनी माझ्यासाठी वापरलं होतं.

बाबा डिसेंबरातच घरी आले होते. रेडिओ फळीवर परत आला. मी एमएस झाले, तिकडे काही वर्षं नोकरी केली, २०११ मध्ये पुण्यात आले.

माझं काम काय आहे ते आता सांगायला हवं, कारण मी इथे थोडी आरोपी म्हणूनही उभी आहे. कॉलवर बोलताना मागचे नको असलेले आवाज गाळून टाकायचे, हे माझं काम. पूर्वीच्या पद्धती पंख्याची घरघर काढायच्या, कारण ती एकसारखी असते, तिचा अंदाज बांधता येतो. आता यंत्राला हजारो तासांचं बोलणं आणि गोंगाट ऐकवून शिकवतात. त्यामुळे कुकरची शिट्टी जाते, कुत्रं जातं, भांडी पडल्याचा आवाज जातो. रेडिओ हे अवघड प्रकरण, कारण त्यातही माणूसच बोलत असतो. तेही आम्ही दोन-तीन वर्षांपूर्वी बऱ्यापैकी जमवलं. टीममधल्या एका मुलानं बैठकीत नमुना ऐकवला. आधीचा आवाज, एक बाई बोलते आहे, मागे रेडिओ. मग नंतरचा आवाज, फक्त बाई. स्वच्छ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. चांगलं काम होतं ते, आजही मी तसंच म्हणेन. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणाच्या घरची मिक्सरची घरघर कशाला हवी? पण त्या रात्री मला झोप लागली नाही. २००३ मध्ये हे असतं, तर आईचा प्रत्येक शब्द मला दर रविवारीच स्वच्छ ऐकू आला असता. आणि त्या दिवशी मला काहीच खुपलं नसतं.

आमच्या धंद्यातली आणखी एक गंमत सांगते. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये कुणी बोलत नसेल तेव्हा पुष्कळदा आवाज पाठवणंच थांबवतात, जागा वाचते. पण ऐकणाऱ्याला एकदम शून्य शांतता मिळाली की त्याला वाटतं फोन कट झाला. म्हणून त्याच्या बाजूचं यंत्र स्वतःच हलकीशी खरखर तयार करून सोडतं. तिला 'कम्फर्ट नॉइज' म्हणतात. म्हणजे समोरच्याच्या घरातली म्हणून आपण जी शांतता ऐकतो, ती आपल्या फोननंच बनवलेली असू शकते. आई त्या दिवशी 'बिघडलाय' म्हणून गप्प बसली, तेव्हाची खरखर मला अजून ऐकू येते. ती आमच्या घरातली होती की कुठल्या यंत्राची, हे आता कळायचा मार्ग नाही.

माझी भाची गेल्या वर्षीपासून जर्मनीत आहे. ती दिवसातून चार वेळा आईला दिसते. पण मागची भिंत धूसर केलेली, आवाज गाळलेला. ताईला लेकीचा चेहरा दिसतो, खोली दिसत नाही. खोलीत पसारा किती आहे, कुणी हसतंय का, भांडी किती दिवसांची पडली आहेत, काही नाही. मी भाचीला तिच्या फोनमध्ये ती सोय बंद करून दाखवली. बहुतेक ॲपमध्ये 'मूळ आवाज' किंवा तशा अर्थाचा एक पर्याय असतो, पण सेटिंगमध्ये खोलवर, सहज सापडणार नाही असा. तो ठेवणाऱ्या लोकांपैकीच मी एक आहे, त्यामुळे कुठे असतो ते जेवताना विचारा, दाखवते. भाची म्हणाली, "मावशी, मग आईला सगळंच कळेल." तिचंही बरोबर आहे. एकवीस वर्षांच्या मुलीला सगळंच कळायला नकोही असतं. मी आग्रह केला नाही. फक्त आठवड्यातून एक फोन तरी स्वयंपाक करताना कर, फोन ओट्यावर ठेवून दे, असं सांगितलं. ती ते करते. परवा ताई म्हणाली, पोरगी फोडणीत मोहरी तडतडायच्या आधीच जिरं घालते, आवाजावरून कळतं.

बाबा २०१६ मध्ये गेले. वर्षानंतर त्यांचं कपाट आवरताना लाल कापडी बांधणीची वही सापडली, अडतीत असते तशी आडवी. पहिल्या पानावर 'फोन' एवढंच. रकाने आखलेले, तारीख, वेळ, मिनिटं, तपशील. दोन वर्षांचे सगळे रविवार. माझ्याशी चाळीस सेकंद बोलणारा माणूस आईच्या खुर्चीमागे उभा राहून हे लिहीत होता. 'बरी आहे. थंडी उणे १९.' 'बरी आहे. कुकर घेतला.' 'बरी आहे. दूध तिथे गॅलनवर.' ३० नोव्हेंबर २००३ ची नोंद आईच्या अक्षरात आहे, 'विचारले. फिरायला गेले म्हटले.' ७ डिसेंबरची एका शब्दाची, 'कळले.'

नंतर पुन्हा बाबांचं अक्षर, थोडं कापरं. मी पुढची पानं चाळत होते, 'बरी आहे', 'बरी आहे', आणि २५ जानेवारी २००४ ला हात थांबला. तिथे लिहिलंय, 'बरी आहे म्हणते.' पुढच्या रविवारी, 'बरी आहे म्हणते.' असे सलग सहा रविवार, २९ फेब्रुवारीपर्यंत. ७ मार्चला पुन्हा नुसतं 'बरी आहे.' माझं प्लास्टर त्याच आठवड्यात निघालं होतं.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही हाताचं कधी सांगितलं नव्हतं. आईला वही दाखवली तर ती म्हणाली, मला काही बोलले नाहीत. त्या सहा फोनांत मी काय वेगळं बोलले, किंवा माझ्या मागे कोणता आवाज नव्हता, ते मी कितीदा आठवून पाहिलं. आठवत नाही.

वही मी आज बरोबर आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत कुणाला बघायची असेल तर जरूर बघा. फक्त हात पुसून घ्या, पानं जीर्ण झाली आहेत. कडांना जे पिवळं दिसतं ते मात्र जुनं झाल्यामुळे नाही, ती हळद आहे.